पळसाचा पुतळा

मंगला गौरीच्या गल्लीत अन्नपूर्णामावशी समोरून येताना दिसल्या, तसा बिंदुमाधव लहानपणच्या सवयीनं पाया पडायला वाकला. तर त्यांनी पदर आवळून घेतला आणि अंग चोरून त्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. "तिथूनच कर रे बाळ, तिथूनच," त्या म्हणाल्या. काशीच्या पंचगंगा घाटावरून अंघोळ करून येत होत्या, हातात गंगाजळाची लोटी होती; सोवळ्यात असतील, असं म्हणून त्यानं लांबूनच हात जोडले आणि तो पुढे गेला. त्या गल्लीत दोन माणसं आणि एक सांड एका वेळी मावत नाहीत, तेव्हा अंग चोरणं हे तिथं रोजचंच. पण वळणावर त्यानं उगीच मागे पाहिलं. तो जिथं वाकला होता त्या फरशीवर मावशी लोटीतलं पाणी शिंपडत होत्या. घाईनं नाही, नीट, ओंजळ भरून भरून. याच मावशींनी कान टोचताना त्याला मांडीवर गच्च धरून ठेवलं होतं आणि त्याच्याआधी स्वतःच रडल्या होत्या. त्यानं भिंतीला हात टेकला. पोटातून काहीतरी वर चढत होतं आणि ते त्याच्या ओळखीचं होतं. भीती. ब्रह्मदेशातल्या टेकडीवरच्या लढाईनंतर ती त्याला एकदाही शिवली नव्हती. इस्पितळात शेजारच्या खाटांवरचे लोक झोपेत किंचाळत तेव्हा हा शांतपणे छपराकडे बघत पडलेला असे; तिथला डॉक्टर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालाही होता की तुझ्यासारखे दहा अधिकारी मिळाले तर ही लढाई नाताळापूर्वी संपेल. आणि आता एका म्हातारीनं फरशीवर पाणी शिंपडलं, एवढ्यावरून लेफ्टनंट बिंदुमाधव मुळ्ये भिंत धरून उभे होते.

घरी येऊन दोन दिवस झाले होते. आई त्याला बाहेरच्या पाठशाळेच्या खोलीत वाढत होती, पत्रावळीवर, वरून. पाणीसुद्धा वरून ओतत होती. शरदिनी, त्याची बायको, समोर आलीच नव्हती. माजघराच्या दाराआड तिची सावली तेवढी हललेली दिसे. त्याला या सगळ्याचं नवल वाटलं नव्हतं. ब्रह्मदेशाच्या जंगलात काय काय पोटात गेलं होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्याच्या वडिलांच्या, ढुंढिराजशास्त्री मुळ्यांच्या घरात ते न सांगताच कळणार. एखादं प्रायश्चित्त घ्यावं लागेल, पंचगव्य प्यावं लागेल, नाक दाबून पिऊ, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. पण अभक्ष्य खाल्लेल्या माणसाच्या मागे कुणी पाणी शिंपडत नाही. तो घरी आला आणि त्यानं आईला सरळच विचारलं. आईच्या हातात वाटीत डाळ होती. ती वाटी तिनं खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "तुझ्या अप्पांना मी तर तेव्हाच म्हटलं होतं, जल्दी करू नका. पण ऐकतं कोण माझं."

जे झालं होतं ते असं. मार्च महिन्यात त्याची गस्तीची तुकडी जपान्यांच्या मागे अडकली आणि घरी तार आली, की तुमचा मुलगा बेपत्ता आहे, बहुधा मारला गेला असावा. अप्पांनी वाट पाहिली. मग अधिक चौकशी केली, उत्तर आलं नाही, आणि काशीसारख्या ठिकाणी, जिथं परमुलखातले लोक मरायला म्हणून येऊन राहतात, तिथं आपला पोटचा मुलगा संस्कारावाचून कुठेतरी रानात पडला आहे हे त्यांना सोसवेना. त्यांनी पळसाचा पुतळा केला. हाडांच्या जागी पळसाचे देठ, डोक्याच्या जागी नारळ, सगळं दर्भानं बांधलं आणि वर त्याचं लग्नातलं उपरणं घातलं. मणिकर्णिका घाटावर नेऊन त्याला अग्नी दिला. दहावं, अकरावं, बारावं, सगळं केलं. मग आषाढात दुसरी तार आली, की मुलगा जिवंत आहे, जखमी आहे, आणि त्यानं फार मोठा पराक्रम केला आहे. आई सांगत होती आणि बिंदुमाधवला, का कोण जाणे, त्या उपरण्याचाच विचार येत होता. त्याला जरीचा काठ होता. जरी जळते की वितळते?

"अन्नपूर्णेचं काही चुकलं नाही," अप्पा संध्याकाळी म्हणाले. संध्या आटोपून ते पाटावरच बसून राहिले होते. "विधी झालेला आहे. तार खोटी निघाली म्हणून मंत्र खोटा होत नाही."

"मग मी आत्ता कोण आहे, अप्पा?"

"तेच तर परवा ठीक करायचं आहे." अप्पांना थट्टा करायची सवय नव्हती. त्यांनी समजावून सांगितलं, वर्गात सांगत तसं, एकेक बोट मिटत. ज्याची उत्तरक्रिया झाली तो परत आला तर त्याचा पुन्हा जन्म करायचा. तुपाच्या घटात बसवून बाहेर काढायचा, न्हाऊ घालायचा, जातकर्म करायचं, नाव ठेवायचं, मुंज लावायची. मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. "मधे व्रताचे काही दिवस असतात, ते तुझ्या रजेत बसत नाहीत. त्याबद्दल गोदान करू. एवढी सोय शास्त्रात आहे." मग दुसरीकडे बघत ते म्हणाले, "बाळ, मी विचारलं होतं चार जणांना. कुणीही 'थांबा' म्हटलं नाही."

बिंदुमाधव हो म्हणाला. त्याला अप्पांची दया आली. पण त्याच वेळी त्याच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. "कोणत्या दिवशी केलंत?" त्यानं विचारलं.

"वैशाख वद्य एकादशी," अप्पा म्हणाले.

तो उठून सरळ सरजू हलवायाच्या दुकानात गेला. सरजूच्या कढईमागच्या खिळ्याला पंचांग लटकलेलं असे. काशीचे लोक त्याला पत्रा म्हणतात. त्यानं तो मागितला तेव्हा सरजू खो खो हसला. "अरे बाळ भैया, सारा मोहल्ला शास्त्रीजी से पूछने जाता है, और आप हमसे पत्रा माँगते हैं?" बिंदुमाधवही हसला. घरचं पंचांग अप्पांच्या बैठकीशेजारी होतं आणि अप्पांनी विचारलं असतं, कशाला हवं. तुपाच्या डागांनी पारदर्शक झालेली पानं उलटत त्यानं वैशाख काढला, कृष्णपक्ष काढला, एकादशी काढली, आणि शेजारची इंग्रजी तारीख वाचली. मग पुन्हा वाचली. तीच एप्रिलमधली तारीख. त्याला मिळालेल्या पदकाच्या मानपत्रावर जी छापली होती ती. टेकडीची.

मग त्याला सगळा उलगडा झाला, आणि उलगडा झाल्यावर इतकं हायसं वाटलं की सरजूनं पुढे केलेला मलईचा द्रोण त्यानं उभ्या उभ्या संपवला. टेकडीवर काय झालं ते आजवर त्याचं त्यालाच कळलेलं नव्हतं. आडरानात भटकून भटकून, उरलेली माणसं घेऊन तो त्या टेकडीवर पोचला तेव्हा तिथं आपल्याच पलटणीची एक कंपनी वेढ्यात सापडली होती. तिचा मेजर मेला होता, बाकीचे अधिकारी मेले होते किंवा खंदकात कण्हत होते. हा वर आला आणि त्याला कळलं की इथं हुकूम देणारा आता आपणच. वय चोवीस. खोत हवालदार नावाचा साताऱ्याकडचा दांडगा माणूस त्याला सलाम ठोकून म्हणाला, "सायेब, पानी खाली हाय. झऱ्यावर त्येंची मशीनगन हाय." या लोकांना त्याच्या काशीच्या मराठीचं हसू येई, तो बारीक माणसाला 'दुबळा' म्हणे, अडचणीला 'परेशानी' म्हणे, मग खोत मागे वळून पोरांना म्हणे, आपला सायेब हिंदुस्थानी मराठा हाय. पण त्या दिवसांत कुणी हसत नव्हतं. जिभा सुजल्या होत्या. जखमी लोक पाणी मागायचे थांबले होते आणि ते जास्त वाईट होतं. पहिले दिवस तो नुसता घाबरलेला होता. गोळा यायचा आवाज झाला की त्याचे हात आपोआप डोक्यावर जात, आणि मग ते खाली घ्यायला त्याला फार मेहनत पडे, कारण माणसं बघत असत. माणसं सारखी बघतात. अधिकारी झाल्यावर पहिली गोष्ट कळते ती हीच, की आता आपल्या तोंडाकडे बघून तीसजण ठरवणार आहेत, आपण जगणार की नाही ते.

आणि मग त्या सकाळी, उजाडता उजाडता, भीती गेली. ती कमी झाली नाही, गेली. काहीच कारण नव्हतं. तो खंदकात बसून बुटाचा बंद बांधत होता आणि एकाएकी सगळं शांत झालं, गोळीबार चालू असून शांत झालं, आणि त्याला झऱ्यापर्यंतची उतरण स्वच्छ दिसली, प्रत्येक दगड, जळक्या बांबूचं प्रत्येक बेट. त्यानं माणसं दोन बाजूंना वाटली. कुणी कुठून जायचं ते सांगितलं. आवाज अप्पांसारखा निघाला, वर्गातल्या अप्पांसारखा. मग तो उभा राहिला आणि चालत निघाला. तो धावला नाही, वाकला नाही, हे पुढे सगळ्यांनी सांगितलं, मानपत्रातही ते आलं आहे. मागून 'हर हर महादेव' उठलं तेव्हा त्याला क्षणभर घाटावर असल्यासारखं वाटलं. मशीनगनच्या खड्ड्यात त्यानं हातानं बाँब टाकला. खांद्यात गोळी गेली तेव्हा कुणीतरी हाक मारून थांबवावं एवढंच वाटलं. झरा मिळाला. त्या झऱ्यावर कंपनी जगली. खोत हवालदार जगला नाही, आणि आणखी कितीतरी जगले नाहीत. ते त्याच्या मागून उठले होते आणि वाटेत पडले होते. त्याला त्यांचं दुःख झालं, पण लांबून, जसं एखाद्या जुन्या पोथीतल्या युद्धाचं व्हावं. इस्पितळात पडल्या पडल्या त्याला पुष्कळदा वाटे, की हे आपल्याला का लागत नाही. आपण दगड आहोत का? आज त्याला उत्तर मिळालं होतं. त्याच वेळी, इकडे मणिकर्णिकेवर, अप्पा त्याला अग्नी देत होते. टेकडीवरून चालत गेला तो मेलेला माणूस होता. मेलेल्याला कसली भीती आणि कसलं सुतक?

सरजूच्या दुकानातून तो पंचगंगेवर जाऊन बसला. काशीच्या लोकांचा कार्तिक लागला होता, घरी अजून आश्विनच होता. घाटावर लोक उंच बांबूंना आकाशदिव्यांच्या करंड्या बांधत होते. नदी पुराचा गाळ टाकून खाली उतरली होती आणि पायऱ्यांवर चिखलाचा वास होता. हायसं वाटणं तिथं हळूहळू ओसरलं आणि त्याच्या जागी दुसरी गोष्ट येऊन बसली. परवा अप्पा त्याला पुन्हा जन्माला घालणार होते. आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याला कलकत्त्याची गाडी धरायची होती, तिथून पुढे पलटणीत. या वेळी कंपनी त्याच्याच नावावर होती. शंभरावर माणसं. आणि परवा सकाळी तो जिवंत होणार. म्हणजे भीती परत येणार. सकाळी गल्लीत तिनं तोंड दाखवलंच होतं. जणू बातमी लागली होती तिला. पूर चढतो तेव्हा काशीची माणसं घाटाच्या पायऱ्या बघत बसतात, आज ही बुडाली, आज ती. तसा तो आपल्या पोटाकडे लक्ष लावून बसला. कुठवर आली?

मरायची भीती एक वेळ परवडते. त्याला ज्याची भीती होती तो माणूस त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. शेजारच्या पलटणीचा एक गोरा लेफ्टनंट, याच्याच वयाचा, निळ्या डोळ्यांचा, बासरी वाजवणारा. ओढा ओलांडायचा होता. त्याची माणसं पाण्याच्या काठाला ओणवी होऊन त्याच्या शब्दाची वाट पाहत होती. आणि तो एका झाडाला पाठ लावून बसला होता. तोंड उघडत होता आणि मिटत होता. जा म्हणाला असता तरी काही वाचले असते, मागे फिरा म्हणाला असता तरी वाचले असते. त्याच्या तोंडून काहीच आलं नाही. माणसं तिथंच, काठावर, वाट बघता बघता मेली. शिस्तीची माणसं होती. बिंदुमाधव पलीकडच्या उंचवट्यावरून ते बघत होता आणि त्याला त्या लेफ्टनंटचा राग आला नव्हता, कारण त्याचं स्वतःचं तोंडही तेव्हा तसंच कोरडं पडलं होतं. आता त्या झाडाला पाठ लावून तो स्वतः बसलेला त्याला दिसू लागला. समोर सगळे त्याच्याकडे बघणारे. तोंड उघडतंय, मिटतंय. जिवंत माणसाचं तोंड.

तेव्हा विधी करायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचं ठरलं होतं. आजच संध्याकाळच्या गाडीनं निघायचं, अप्पांना सांगायचं की बोलावणं आलं. लढाई संपली की मग जन्म घेऊ. इतके दिवस मेलेले होतो, आणखी थोडे. या विचारात त्याला एक खेळकरपणाही जाणवला आणि तो त्याला आवडला. फक्त शरदिनीला सांगून जायला हवं होतं. अप्पा पाठशाळेत, आई मंदिरात, अशी वेळ साधून तो माजघराच्या दाराशी गेला. दार अर्धं लोटलेलं होतं. ती पलीकडे काहीतरी निवडत बसली होती, तांदूळ असावेत. ताटात हात फिरल्याचा आवाज येत होता.

"शरू," तो म्हणाला, "मी आज निघतो आहे."

हात थांबला. "उद्या विधी आहे ना?"

"परत आल्यावर करू. तिकडे गरज आहे माझी."

मग दार उघडलं. तिनं स्वतःच उघडलं, सगळं. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा ती गुबगुबीत होती, आणि बोलायला लागली की बनारसी पोरींसारखी हात नाचवायची. आता अंगावर पांढरं पातळ होतं, मनगटं उघडी होती, कपाळ नुसतं होतं. तो बघतच राहिला. आपण मेलो हे त्यानं कालपासून किती वेळा मनात घोळवलं होतं. ते असं दिसतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"केस उतरवायला न्हावीण आणायचीही गोष्ट निघाली होती," ती म्हणाली. "आईंनी आडवे हात लावले दाराला, म्हणाल्या, मला मारा आधी. मग राहिलं ते. दुसरी तार आल्यावर वाटलं, सुटले. पण छे. विधी होईपर्यंत कुंकू नाही. मी ना विधवा, ना सवाष्ण. तुम्ही तिकडे गेलात आणि... समजा परत आला नाहीत, तर कुणाला काही करावंच लागणार नाही. सगळं झालेलंच आहे. एका हिशेबातसुद्धा कुठे खूण राहणार नाही की मधे तुम्ही आला होतात." तिचा आवाज चिरका झाला. "मला सांगा, तुम्हाला माझी शिसारी आली का? की भीती वाटते?"

"तुझी नाही गं."

"मग कशाची? तुम्हाला तर कशाचीच वाटत नाही म्हणे. पेपरात आलंय. अप्पांनी मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांना."

मग त्यानं तिला सांगितलं. सांगताना त्याला ते फारसं विचित्र वाटलं नाही; काशीत राहणाऱ्या कुणालाच वाटलं नसतं. टेकडी, ती सकाळ, भीती एकदम गेली ते, आणि ती का गेली ते. "त्याच दिवशी इथं अग्नी दिला होता मला. मी तारीख बघितली. तो धीर माझा नव्हताच, शरू. आणि उद्या मी जिवंत झालो, की तो जाणार. माणसं मरतील माझी."

ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. "कोणत्या दिवशी म्हणता?"

त्यानं एप्रिलमधली तारीख सांगितली. तिनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, आणि मान हलवली. "नाही हो. तेव्हा नाही."

"वैशाख वद्य एकादशी. अप्पांनीच सांगितलं."

"हो, वैशाख वद्य एकादशीच. पण तुमच्या त्या तारखेनंतर अक्षय्यतृतीया आली. तेव्हा चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू असतं की नाही? मी गेले होते. बायका बोलत होत्या माझ्याकडे बघून, पण मी मुद्दाम गेले. हिरव्या बांगड्या घालून गेले. आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं प्यायले, कुंकू लावून घेतलं. तेव्हा अप्पा नुसते म्हणत होते, करूया का, करूया का. एकादशी त्याच्यानंतरची. चांगली अर्धा मे महिना गेल्यावरची. उन्हानं मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर पाय भाजत होते, तसेच अनवाणी परतले सगळे."

"पण सरजूच्या पत्र्यात..."

"सरजूच्या!" ती जवळजवळ हसलीच. "त्यांचा वैशाख तो. त्यांचा वद्य पक्ष आधी येतो, आपला नंतर. अहो, काशीतच जन्मलात ना तुम्ही?"

काशीत जन्मलेल्या मराठी पोराला हे चालायच्या आधी कळतं. घरात एक महिना, गल्लीत दुसरा. काशीकरांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षात दोघांच्या महिन्यांची नावं जुळत नाहीत, आणि नाव जुळलं तर मधे सबंध महिन्याचं अंतर असतं. काल घाटावर बसून तोच मनात म्हणत नव्हता का, की त्यांचा कार्तिक आणि आपला आश्विन? त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याला ते आठवायचं नव्हतं. तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. त्या सकाळी त्याला कुणी जाळलं नव्हतं. त्या सकाळी अप्पा पाठशाळेत शिकवत असतील, आणि ही कपाळाला कुंकू लावून इथंच कुठेतरी तांदूळ निवडत असेल. बुटाचा बंद बांधून उभा राहिला तो जिवंत माणूस होता. ज्याच्या पोटात गोळी लागली असती तर जो किंचाळला असता, असा. आणि त्याच्या शब्दावर खोत हवालदार उठला होता, बाकीचे उठले होते. जिवंत माणसानं जिवंत माणसांना उठवलं होतं. कुठेही आडोसा उरला नाही. मग भीती आली. सहा महिन्यांची थकलेली, सगळी एकदम आली. उतरणीवर त्याच्या कानाजवळून गेलेली एकेक गोळी त्याला आत्ता ऐकू आली, आणि मागे पडणाऱ्यांचे आवाज, जे त्यानं तेव्हा ऐकलेच नव्हते. खोत पडताना 'आई' म्हणाला होता. एवढा दांडगा माणूस. बिंदुमाधवचे दात वाजू लागले. शिवायचं नव्हतं म्हणून शरदिनी शिवली नाही. पण दार न लोटता ती उंबऱ्यापलीकडे, त्याच्यासमोर, तो शांत होईपर्यंत बसून राहिली. तो शांत झाला नाही. अंधारून आलं, आईची चाहूल लागली, आणि संध्याकाळची गाडी त्याच्यावाचून गेली.

लढाईच्या दिवसांत घटभर तूप कुठलं मिळायला. मोठ्या घंगाळात कोमट पाणी होतं आणि वर तुपाचा तवंग. काशीनाथभट नावाचे अप्पांचे जुने शिष्य पौरोहित्याला होते. खांद्याची जखम संभाळत, गुडघे हनुवटीशी घेऊन तो त्यात बसला. वरून वस्त्र टाकलं. आत पिवळा अंधार होता आणि तुपाचा वास, आणि त्याचा स्वतःचा श्वास फार मोठा वाटत होता. बाहेर अप्पा मंत्र म्हणत होते. खंदकही एवढाच होता. त्याला वाटलं, वस्त्र काढू नये. मग त्यांनी ते काढलं, आणि उजेड आला, आणि आई मोठ्यानं रडली. खरं तर रडायचं त्यानं होतं. अप्पांनी सोन्याच्या अंगठीवर मध-तूप घेऊन मिशा फुटलेल्या मुलाच्या जिभेला लावलं. त्याचा जबडा कापत होता आणि अंगठी दातांवर वाजली. "थंडी आहे हवेत," काशीनाथभट म्हणाले. थंडी अजिबात नव्हती.

नाव तेच ठेवलं. मुंज झाली. दुपार चढली तेव्हा अंतरपाट धरला आणि पलीकडे शरदिनी आली. अंतरपाट दूर झाला. कुणीतरी तिला नवी साडी नेसवली होती. हिरवा चुडा मनगटात मोठा होत होता. त्यानं कुंकू लावलं ते थरथरीनं थोडं तिरपं गेलं, नाकाच्या बाजूला. तिनं पुसलं नाही. मग पाणिग्रहण. तिच्या तळव्यात त्याचा हात पडला आणि त्याची थरथर तिच्या बांगड्यांत शिरून बारीक किणकिण व्हायला लागली. सगळ्यांना ऐकू जात होती. पदकवाल्या लेफ्टनंटाचा हात. त्याला शरम वाटायला जागाच नव्हती. त्याच्या आत संध्याकाळची गाडी होती, आणि गाडीपलीकडे शंभर तोंडं, त्याच्याकडे वळलेली.

"मला भीती वाटते," तो तिला म्हणाला, ओठ न हलवता.

"दिसतंय," ती म्हणाली.

होमाच्या उत्तरेला तांदळाच्या सात राशी घातल्या होत्या. नवऱ्यानं बायकोचा हात धरून पुढे व्हायचं, एकेका राशीवर पाऊल टाकायचं. अप्पांनी पहिल्या पावलाचा मंत्र म्हटला. बिंदुमाधवचा पाय उचलला नाही. त्यानं हुकूम दिला पायाला, पाय ऐकेना. तांदळाची एवढीशी रास, वीतभर लांब. अप्पांनी मंत्र पुन्हा म्हटला, जरा मोठ्यानं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. चौकात सगळे त्याच्याकडे बघत होते.

तेव्हा शरदिनीनं साडीच्या निऱ्या डाव्या हातानं सावरल्या, पाय पुढे टाकला आणि पहिल्या राशीवर ठेवला, आणि त्याला हातानं ओढलं. त्याचा पाय तिच्या मागून निघाला.

"शास्त्रीजी," काशीनाथभट दचकून म्हणाले, "नवरा पुढे असतो."

अप्पांनी ते बघितलं होतं. आयुष्यात त्यांनी कुणाचं दर्भाचं टोकसुद्धा उलटं पडू दिलं नव्हतं. त्यांनी मुलाच्या पायाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते तोंड त्यांना बहुधा तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

"आज असू दे," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसऱ्या पावलाचा मंत्र सुरू केला.